भिवंडीतल्या कंटाळवाण्या बैठका

१९९२चा डिसेंबर आणि १९९३चा जानेवारी मुंबईने कसा काढला, हे नव्याने सांगायला नको. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० नोंदवला. त्याच दिवसांत मुंबईजवळची भिवंडी मात्र शांत राहिली. १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून आणि १९८४मध्ये पुन्हा एकदा होरपळलेलं हे गाव. दंगल म्हटली की भिवंडीचं नाव ठरलेलं. या वेळी ते आलं नाही. न घडलेल्या दंगलीची चौकशी करायला आपल्याकडे आयोग नेमत नाहीत.

नेमायला हवा होता. भिवंडी यंत्रमागांचं शहर. इथले जुने कोकणी मुसलमान आणि आगरी, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली. भाषा, जेवण, सण सगळं निराळं आणि धंदा मात्र एकमेकांत गुंतलेला. १९८८मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी या शहरात मोहल्ला समित्या उभ्या केल्या. अशा सत्तरेक समित्या, त्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि सोबत त्या भागातला पोलीस. गल्लीतल्या दादांना लांब ठेवून साध्या माणसांना बसवायचं, यावर भर होता.

बैठकांत बंधुभावावर प्रवचनं झडली असती तर महिन्याभरात खुर्च्या रिकाम्या झाल्या असत्या. चर्चा व्हायची ती वस्तीतल्या रोजच्या तक्रारींची. वरवर पाहता अगदी कंटाळवाणं काम. पण त्यातून समोरच्या धर्माच्या चार माणसांची नावं, घरं आणि स्वभाव ठाऊक होतात. रात्री अफवा उठली, तर खरं-खोटं कुणाला विचारायचं हे मग शोधत बसावं लागत नाही.

अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांच्या जोड्या लावून एक शहर पेटतं आणि दुसरं शांत का राहतं, नेमका हाच प्रश्न तपासला. त्यांचं पुस्तक २००२मध्ये आलं. १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींत गेलेल्या बळींपैकी खेड्यांतले बळी चार टक्क्यांहून कमी आणि निम्म्याच्या जवळपास बळी केवळ आठ शहरांतले, असं त्यांना आढळलं. शहरात नुसता शेजार पुरत नाही. व्यापारी संघटना, कामगार संघटना, क्लब, पक्ष यांत दोन्ही समाज एकत्र असतील तर ठिणगी विझते, हा त्यांचा निष्कर्ष. लखनौच्या चिकनकामात हिंदू व्यापारी आणि मुसलमान कारागीर एकमेकांवाचून अडतात, हे त्यांचं एक उदाहरण. ईदला शिरखुर्मा आणि दिवाळीला फराळ पाठवणाऱ्यांना हे थोडं कडू वाटेल. डबे जरूर पाठवावेत, पण जमाव चालून आला की ते कामाला येत नाहीत.

मुंबईने हा धडा दंगलीनंतर गिरवला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने शहरात मोहल्ला समित्या सुरू झाल्या. पोलीस आणि वस्तीतल्या पोरांचे क्रिकेट सामनेही त्यातूनच आले.

या पद्धतीची मर्यादा भिवंडीनेच दाखवली. जुलै २००६मध्ये तिथे पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. पोलीस गोळीबारात दोघे गेले आणि नंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. हे भांडण दोन धर्मांचं नव्हतंच. वस्ती एका बाजूला आणि पोलीस दुसऱ्या. मध्यस्थच पक्षकार झाला तर बैठक बोलवायची कुणी? म्हणून समितीची सूत्रं एकट्या ठाण्याच्या हाती असू नयेत. शिवाय समेट म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे. ज्याचं दुकान जळालं त्याला आधी फिर्याद नोंदवून हवी असते, हस्तांदोलन नंतर. श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांवरही बोट ठेवलं होतं. त्या अहवालावर पुढे फारशी कारवाई झाली नाही, हे पाहिलेल्या माणसाला नुसतं ‘झालं गेलं विसरा’ सांगणं निर्लज्जपणाचं आहे.

आज जवळपास प्रत्येक पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. गणेशोत्सव, मोहरम, ईद जवळ आली की तेच ते ठरावीक चेहरे, चहा-बिस्किटं, ‘सण शांततेत साजरे करा’ हे आवाहन आणि फोटो. बाया तर क्वचितच दिसतात, पोरं त्याहून कमी. व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी चित्रफीत पाच मिनिटांत अख्खं शहर फिरून येते, आणि ती उघडणारी पोरंच बैठकीत नसतात.

बदल करायचा तर खर्च फारसा नाही. कॅलेंडरमध्ये सण नसलेला महिना पाहून पहिली बैठक घ्यावी, विषय पाण्याचा किंवा कचऱ्याचा ठेवावा आणि अध्यक्षपद आळीपाळीने वस्तीतल्या लोकांकडे द्यावं. इतिवृत्त लिहावं आणि अधिकाऱ्याची बदली झाली की कार्यभारासोबत तेही नव्या साहेबांच्या सहीने त्यांच्या ताब्यात द्यावं.