बटण गेलं कुठं?

मंडळी, परवा एका कार्यालयाच्या वेबसाइटवर दाखल्याचा अर्ज भरायला बसलो. मोबाइलवरच. नाव, पत्ता, आधार, सगळं भरलं आणि खाली 'सादर करा' हे बटणच नाही! फोन केला तर साहेब म्हणाले, "आमच्याकडं दिसतंय की." दिसणारच, ते कॉम्प्युटरवर बघत होते.

गावातलाच एक पोरगा पुण्यात वेबसाइटी बनवतो. त्यानं कोड उघडला आणि हसायलाच लागला. पान टेलविंड वापरून केलेलं. वेबसाइटला रूप द्यायचं हे साधन २०१७ साली आलं. त्यात एकेका कामाला एकेक छोटा शब्द असतो. रंगाला एक, अंतराला एक, लपवायला एक. शब्द जोडत जायचं, पान उभं राहतं. काम झटपट होतं, त्याला माझी ना नाही. पण त्यातली 'एसएम' ही खूण करणाऱ्यानं 'स्मॉल म्हणजे मोबाइल' अशी वाचली. तिचा खरा अर्थ ६४० पिक्सेल किंवा त्याहून रुंद स्क्रीन. उभा धरलेला फोन चारशेच्या आसपास. बटणावर लिहिलेलं 'हिडन एसएम:ब्लॉक', म्हणजे एरवी लपव, रुंद स्क्रीनवर दाखव. हे शब्द खोडले की काम फत्ते. मी फोन आडवा धरला, तर बटण हजर!

दुसरी गंमत मराठीची. मोठ्या मथळ्यांना टेलविंड ओळीची उंची अक्षराएवढीच देतं. इंग्रजीचं त्यात भागतं, आपल्या वेलांट्या-अनुस्वार वरच्या ओळीत घुसतात, नाहीतर छाटले जातात. तिथं 'लीडिंग-रिलॅक्स्ड' लिहिलं की अक्षरं मोकळी होतात.

एवढ्याशा गोष्टीवर पोस्ट कशाला, असं कुणी म्हणेल. अहो, गावात किती घरांत कॉम्प्युटर आहे? बटण दिसलं नाही म्हणून माणूस रोजगार बुडवून तालुक्याला जातो, ऑनलाइनवाल्याला पैसे देतो. शेवटची तारीख हुकली तर दोष अर्जदाराचा. सरकारी वेबसाइटी कशा असाव्यात याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्तीही आली. कागद भरपूर आहेत. रस्त्याचं बिल काढताना निदान कुणीतरी जाऊन उभं राहतं. वेबसाइटचं बिल काढण्याआधी साहेबांनी स्वतःच्या फोनवर एक अर्ज शेवटपर्यंत भरून बघावा, एवढंच माझं म्हणणं.

तोवर तुमचं बटण हरवलं तर फोन आडवा धरून बघा. तरी नाही सापडलं तर स्क्रीनशॉट काढा, अर्ज लिहून कार्यालयात पोच घ्या, आणि एक प्रत मला पाठवा. बातमी मी करतो.