लाकडाची धूळ आणि रात्रीचा खोकला

मस्तगड, जालना येथून एका भगिनीने विचारले आहे : माझे शौहर वीस वर्षांपासून फर्निचरचे काम करतात. वर्षभर खोकला आहे, रात्री छातीत घरघर होते. जुम्याच्या सुट्टीला बरे वाटते. हा टीबी आहे की दमा?

बहीण, तुमच्या पत्रातली जुम्याची गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे. सुट्टीला आराम आणि काम सुरू होताच पुन्हा त्रास, ही कामाच्या धुळीमुळे होणाऱ्या दम्याची खूण आहे. धूळ दिवसा छातीत जाते, पण घरघर कित्येकदा रात्री सुरू होते. म्हणून धुळीवर कोणाचा संशय जात नाही.

रंध्याच्या साली खाली पडतात. पण मशीनने घासताना उडणारी बारीक पूड बराच वेळ हवेत राहते आणि थेट छातीत उतरते. सागवान, शिसम यांची धूळ काहींना फार बाधते. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडचा गोंदही असतो.

आधी टीबीची तपासणी करून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ती हवीच. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. मग फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री. डॉक्टरांना धंदा आवर्जून सांगा. पंधरा दिवस वहीत लिहा : आज काम होते की सुट्टी, खोकला किती.

औषध, पंप डॉक्टर देतील. पण पंप घेऊन रोज तीच धूळ ओढली तर दमा कायमचा होऊन बसतो. धूळ लवकर थांबली तर सुधारण्याची आशा जास्त.

रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क हवा. घासकाम उघड्यावर करावे. भुसा कोरडा झाडू नये, कॉम्प्रेसरने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावा. कामाचे कपडे दुकानातच बदलावेत, म्हणजे धूळ मुलांपर्यंत येणार नाही. विडी असेल तर सोडावी.

आणखी एक. इंग्लंडमधील हाय विकम येथील फर्निचर कारागिरांत नाकाचा कर्करोग जास्त आढळला होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली. हा आजार क्वचित होतो. पण एकच नाकपुडी सतत बंद राहिली किंवा रक्त आले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

रोजी सोडा, असे आम्ही म्हणत नाही. पण या आठवड्यात एका दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, त्यांना तपासणीला घेऊन जा.