नोटा काढणारा न्यायासनावर

ज्यानें नोटा काढल्या त्यानेंच त्या घटनाबाह्य ठरवाव्या, असा प्रसंग व्यापारी जगानें क्वचितच पाहिला असेल. अमेरिकेंत तो 1870 सालीं घडला, आणि सरन्यायाधीश सालमन चेस यांच्या नेमणुकीचा इतिहास पाहिल्यावांचून त्याचा उलगडा होत नाहीं.

चेस मूळचे सिनसिनाटीचे वकील. पळून आलेल्या गुलामांचे खटले ते इतक्या आस्थेनें लढवीत कीं, लोक त्यांस गुलामांचे ॲटर्नी जनरल म्हणत. 1861 सालीं ते लिंकन यांचे अर्थमंत्री झाले. यादवी युद्धाचा खर्च सोन्यानें भागेना, तेव्हां 1862 च्या फेब्रुवारींत कागदी नोटा काढून त्या खासगी देण्याच्या फेडींतही स्वीकारल्याच पाहिजेत असा कायदा झाला. चेस यांनीं प्रथम कां कूं केली, पण अखेर शिफारस त्यांचीच. एक डॉलरच्या नोटेवर चित्रही त्यांचेंच! 1864 च्या उन्हाळ्यांत त्या डॉलरची किंमत सोन्याच्या चाळीस सेंटांहूनही खालीं गेली. ज्यानें सोनें उसनें दिलें त्याच्या हातीं कागद पडला, आणि कायदा म्हणे, फेड पुरी झाली.

मंत्रिपदावर असतां चेस लिंकन यांच्याच जागेची आशा धरीत. जूनअखेर लिंकन यांनीं त्यांचा राजीनामा स्वीकारला. तरी टॉनी वारल्यावर डिसेंबरांत सरन्यायाधीशाचें आसन त्यांनाच दिलें. यांत औदार्य होतें, तसा हिशेबही होता. दास्यविमोचन व नोटा हीं दोन कृत्यें हा मनुष्य मोडणार नाहीं, अशी अपेक्षा होती. पहिल्या बाबतींत ती खरी ठरली. ज्या न्यायालयानें 1857 सालीं कृष्णवर्णीयास नागरिकत्वच नाकारलें, तेथेंच 1865 सालीं जॉन रॉक या कृष्णवर्णीय वकिलास सनद मिळाली.

दुसऱ्या बाबतींत हिशेब चुकला. हेपबर्न नांवाच्या बाईनें 1860 सालीं लिहून दिलेल्या 11,250 डॉलरच्या वचनचिठ्ठीची मुदत नोटांचा कायदा होण्यापूर्वी पांच दिवस भरली होती. असें जुनें देणें नोटांनीं फेडतां येणार नाहीं, असा बहुमताचा निकाल 7 फेब्रुवारी 1870 रोजीं चेस यांनींच दिला. युद्धाच्या धामधुमींत शांत विचार झाला नाहीं, अशी कबुलीही त्यांत आहे. मत बदललें म्हणून आम्ही त्यांस दोष देत नाहीं. मंत्र्याचें काम निराळें, न्यायाधीशाचें निराळें. दोष आहे तो 1868 सालीं न्यायासनावर बसून त्यांनीं पुन्हां अध्यक्षपदाची उमेदवारी धुंडाळली, तीही विरुद्ध पक्षाकडून, यांत. ज्याची नजर मतपेटीकडे, त्याचा प्रामाणिक निकालही लोक संशयानें वाचतात.

निकालाच्याच दिवशीं अध्यक्ष ग्रँट यांनीं रिकाम्या दोन जागांसाठीं स्ट्राँग व ब्रॅडली यांचीं नांवें सेनेटकडे धाडलीं. जागा रीतसर रिकाम्या होत्या. कपट म्हणावयास आम्ही धजत नाहीं. परंतु सव्वा वर्षाच्या आंत, 1871 च्या मे महिन्यांत, तोच प्रश्न पुन्हां निघाला आणि पांचास चार मतांनीं निकाल फिरला. घटनेंतील अक्षर बदललें नव्हतें, बदललीं तीं न्यायासनावरील माणसें. मधल्या काळांत जुन्या देण्याचें सोनें मागणाऱ्या सावकारानें भिस्त कशावर ठेवावयाची होती?

चेस यांनीं विरुद्ध मत नोंदविलें. 1873 सालीं ते वारले, तेव्हां त्यांच्या नोटा बाजारांत चालूच होत्या.