दलवाईंना मोहल्ल्यात आणा

हमीद दलवाईंचे नाव काढले की आपल्याकडे काही जण कानांवर हात ठेवतात. बाहेर काही जण टाळ्या वाजवतात. दोघांपैकी बहुतेकांनी त्यांची 'इंधन' ही कादंबरी वाचलेली नसते.

ज्योती सुभाष यांनी २०१७ साली दलवाईंवर माहितीपट केला. नसीरुद्दीन शाह त्यात आहेत. चांगले झाले. पण पोलादपूरहून कशेडी घाट ओलांडला की खेड, पुढे चिपळूण, आणि तिथेच दलवाईंचे मिरजोळी. इतक्या जवळच्या माणसावर चित्रण करायला आपण का धजावत नाही?

मोबाईलवर मुलांकडून वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घ्याव्यात, असे मी सुचवले. उत्तर आले, "मॅडम, दफनसुद्धा नको म्हणणारा माणूस आपला कसा?" खरे आहे. १९७७ साली त्यांच्या इच्छेनुसार धार्मिक विधी न करता दहन झाले. मलाही ते बोचते. मग ते बोचणेच दाखवा ना! १९७० साली त्यांनी काढलेल्या सत्यशोधक मंडळाच्या नावात 'मुस्लिम' हा शब्द पहिला आहे, तेही दाखवा. हिंदू जातीयवादालाही त्यांनी सोडले नाही. टाळ्या वाजवणारे ते पान उलटून पुढे जातात.

मी उर्दू शाळेत शिकवते. मुस्लिम मुलांनी मराठीतून शिकावे, हे त्यांचे म्हणणे मला पुरते पटत नाही. उर्दूने आमच्या मुलींना शाळेपर्यंत आणले. पण घरी कोकणी बोलणारी, शाळेत उर्दू वाचणारी हीच मुले तहसील कचेरीतल्या मराठी अर्जापुढे अडतात. कॅमेऱ्यासमोर मी दोन्ही सांगेन.

१८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांनी त्यांच्यासह विधानभवनावर मोर्चा नेला. एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो २०१७ साली. २०१९च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो तुरुंगात गेल्यावर चूल कशी पेटायची? हे आपल्याच बायांना विचारले पाहिजे. चवदार तळ्याच्या महाडात हक्क मागण्याला गद्दारी म्हणू नये.

दलवाई परक्यांनी पळवले, अशी आपली तक्रार असते. आपणच उंबऱ्याबाहेर ठेवलेला माणूस कुणी हाताला धरून नेला, तर ती चोरी कशी?