यतीमखान्यात बिर्याणी, घरात जागा नाही

रमजान आला की यतीमखान्यांत बिर्याणीच्या देगा पोहोचतात. मुलांना ओळीने बसवलं जातं, फोटो निघतात, व्हॉट्सॲपवर फिरतात. ईद झाली की दाते आपल्या घरी आणि मुलं तिथंच. यातलं एक मूल घरी न्याल का, असं विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘इस्लाममध्ये दत्तक हराम आहे.’

हे उत्तर अर्धं आहे. सूरह अहजाबने मनाई केली ती मुलाच्या बापाचं नाव पुसून आपलं लावायला. म्हणून जैद पुन्हा ‘बिन हारिसा’ झाले. मूल सांभाळायला मनाई कुठं आहे? त्याला कफाला म्हणतात, आणि तो शब्द संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, कलम २० मध्ये, नावानिशी आहे. आपल्या देशात २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४४ प्रतिपालकत्वाची सोय करतं. मूल तुमच्या घरी राहतं, नाव त्याचंच राहतं. निर्णय बालकल्याण समिती घेते. कफाला मानणाऱ्याला यात अडचण वाटावी असं काय आहे?

मग महरमचा प्रश्न पुढे येतो. घरात वयात आलेली मुलगी आहे, परका मुलगा कसा ठेवायचा? प्रश्न खरा आहे. पण गावाकडून कॉलेजसाठी आलेला भाचा आपल्याकडे तीन-तीन वर्षं राहतो. तोही आपल्या मुलीला नामहरमच. त्याच्यासाठी कुणी फतवा मागवत नाही. त्याची गादी बाहेरच्या खोलीत पडते आणि प्रश्न मिटतो. शिवाय घरात मुली असतील तर मुलगी आणा, मुलगे असतील तर मुलगा आणा. आईच्या पडद्याचा प्रश्न उरतोच, पण भाच्याच्या वेळी मामीनेही तो सांभाळलेलाच असतो.

वारशाचं म्हणाल तर असं मूल वारस होत नाही, हे खरं. पण एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, हयातीत हिबा करता येतो. द्यायचंच असेल तर शरीयतने हात बांधलेले नाहीत.

आणि जे घेतात त्यांच्याबद्दलही बोलायला हवं. काही घरांत ‘सवाबसाठी’ मुलगी आणतात आणि दोन महिन्यांत ती भांडी घासताना दिसते. घरची मुलं ट्यूशनला, ही ओट्यापाशी. याला कफाला म्हणू नका, मोलकरीण म्हणा आणि पगार द्या.

घर तयार करायचं म्हणजे नवी चादर आणि खेळणी आणणं, असं आपल्याला वाटतं. चादर हवीच. पण आधी जिभा तयार करा. नानी, खाला, शेजारीण, सगळ्यांना बजावून ठेवा: मुलासमोर ‘बिचारं यतीम’ नको, ‘आई कशी गेली रे?’ नको. पंचवीस वर्षं वर्गात हजेरी घेतेय. हा शब्द कानावर पडला की मुलाची मान कशी खाली जाते ते मला ठाऊक आहे. ‘आवडतं म्हणून’ त्याचं नाव बदलू नका. ते आईबापाने ठेवलेलं असतं, बहुधा तेवढंच त्याच्यापाशी उरलेलं असतं. आईचा फोटो असेल तर भिंतीवर लावायला जागा द्या. कपाटाचा एक कप्पा त्याचा, किल्लीसकट. रात्री उशाखाली पोळी सापडली तर रागवू नका. उपाशी राहिलेलं मूल असं करतं. दुसऱ्या दिवशी जेवण त्याच वेळी द्या, तिसऱ्या दिवशीही. अम्मी-अब्बा म्हणायची सक्ती नको. आपल्या पोटच्या मुलांनाही आधी बसवून सांगा, कारण खोली त्यांची वाटली जाणार आहे.

तान्हं बाळ मागणारे पुष्कळ. प्रतिपालकत्वात मात्र मुख्यतः सहा वर्षांवरची मुलं येतात, ज्यांना ‘मोठी झाली, आता लळा लागायचा नाही’ म्हणून कुणी घेत नाही. आमिना वारल्या तेव्हा आपले पैगंबर सहा वर्षांचे होते. आधी आजोबांच्या घरी, मग आठव्या वर्षापासून चाचा अबू तालिबांच्या घरी ते वाढले. अबू तालिब श्रीमंत नव्हते आणि घरात त्यांची स्वतःची मुलंही होती.

येत्या रमजानला देग पाठवायची तर जरूर पाठवा. फोटो काढू नका, आणि येताना जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन प्रतिपालकत्वाचा अर्ज घेऊन या.