चाकातील हवा

चैत्र संपता संपता, परीक्षेच्या दिवसांत, भर दुपारी परतवाड्याहून अचलपूरकडे सायकलने निघालेला एखादा शाळकरी मुलगा पाहावा. वारा समोरचा नसतो, रस्त्याला म्हणण्यासारखा चढ नसतो. तरीही तो सीटवरून उठून पायडल रेटत असतो. घरी पोहोचल्यावर तो उन्हाला दोष देतो, साखळीत तेल घालतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकाच घामाघूम होतो. दोष पुष्कळदा उन्हाचाही नसतो आणि साखळीचाही नसतो. मागच्या चाकातील हवा निम्म्यावर आलेली असते, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूची चौकशी कोणी करीत नाही. मडगार्ड पुसून लखलखीत ठेवणारे, मुठींना रंगीत गोंडे बांधणारे सायकलस्वार गावोगाव आढळतात. आठवड्यातून एकदा चाकांतील हवा पाहणारे मात्र विरळा. ही उपेक्षा क्षुल्लक वाटते. वस्तुतः ती श्रमाची उधळपट्टी आहे. आणि जिला रोज आठ-दहा किलोमीटर सायकल चालवूनच शाळा गाठता येते, अशा मुलीच्या बाबतीत तर तो शिक्षणाच्या वाटेवरील अडसरच होय.

चाकात हवा भरण्याची युक्ती फार जुनी नाही. वऱ्हाडातील बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असे. कडक रस्त्यावर ती गाडीतल्या माणसाची हाडे खिळखिळी करी आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीत रुतून बसे. अचलपूर आणि मूर्तिजापूर यांच्यामध्ये ‘शकुंतला’ नावाने ओळखली जाणारी छोटी रेल्वे धावत असे. तिचेही चाक लोखंडीच. पण त्या चाकाखाली रूळही लोखंडाचा असल्यामुळे ना चाक दबे, ना रूळ. म्हणून थोड्या बळावर मोठे ओझे पुढे सरके. खाचखळग्यांच्या वाटेवर रूळ कोण अंथरणार? तेथे चाकच असे हवे, की जे खडा आला तर थोडे दबेल आणि खडा मागे पडताच पूर्ववत् होईल. रॉबर्ट विल्यम थॉमसन याने 1845 मध्ये घोडागाड्यांसाठी हवेच्या चाकाचे पेटंट मिळवले होते. परंतु ती कल्पना मागे पडली. पुढे बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेले रबरी टायर तयार केले आणि 1888 मध्ये त्याचे पेटंट घेतले. धक्के कमी झाले, आणि गाडी हलकीही चालू लागली.

सायकलस्वाराचे ओझे टायरचे रबर फारसे पेलत नाही. ते पेलते आत दाबून भरलेली हवा. मुलगा, दप्तर आणि सायकल मिळून वजन 60 किलो आहे आणि त्यांपैकी 40 किलो मागच्या चाकावर पडते, असे धरावे. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 4 किलो असेल, तर टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण 10 चौरस सेंटिमीटरांचा होतो. दाब 2 किलोवर उतरला, की तोच भाग पसरून 20 चौरस सेंटिमीटरांचा होतो. चाक फिरताना एवढे रबर सतत दबते आणि पुन्हा सरळ होते, आणि या दबण्या-उलगडण्यात पायांचे बळ उष्णता होऊन वाया जाते. मोठ्या सायकलचे चाक चार किलोमीटरांत सुमारे 1,800 फेरे घेते. प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी चोरी झाली, तर घरी पोहोचेपर्यंत किती गेले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा!

बाभळीचा काटा घुसला तर निदान लगेच कळते. हळूहळू जाणारी हवा मात्र गाजावाजा करीत नाही. चांगल्या ट्यूबच्या रबरातूनही ती थोडी थोडी झिरपतच असते. त्यात व्हॉल्व्हवरील बारीक रबरी नळी जुनी होऊन चिरली, तर दोन दिवसांत चाक मऊ पडते. पुष्कळ लोक अंगठ्याने दाबून पाहतात आणि समाधान मानतात. परंतु पहिलवानाचा अंगठा आणि सातवीतल्या मुलीचा अंगठा एकच साक्ष कशी देणार? टायरच्या बाजूवर दाबाचा आकडा उमटवलेला असतो, तो वाचावा हे उत्तम. तो बहुधा कमाल मर्यादेचा असतो. हलक्या मुलाला त्याहून थोडी कमी हवा पुरते. कॅरिअरवर धान्याचे पोते किंवा धाकटी बहीण बसणार असेल, तर मागच्या चाकात अधिक हवी.

येथे वऱ्हाडातील एका जुन्या समजुतीचा विचार करणे प्राप्त आहे. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर चढला, की घरातील वडीलधारी माणसे सांगतात, “हवा कमी ठेव, नाही तर ट्यूब फुटेल.” या सांगण्यात माया आहे आणि थोडे तथ्यही आहे. तापलेली हवा अधिक दाब देते. तथापि तो किती वाढतो, हे पाहिले पाहिजे. सकाळी 25 अंशांवर 4 किलो दाबाने भरलेली हवा दुपारच्या उन्हात 60 अंशांपर्यंत तापली, तर दाब सुमारे 4.6 किलो होतो. धडधाकट टायर एवढे सहज सोसते. उन्हात जे फुटते ते बहुधा आधीच दुबळे झालेले असते: कडेने विरलेले टायर, रिमवर नीट न बसलेली कड, सोल्यूशन सुटू लागलेले ठिगळ. उलट हवा कमी ठेवल्याने टायर अधिक दबते, अधिक तापते, त्याच्या बाजू लवकर चिरतात. आणि खड्ड्यात चाक आदळले, की ट्यूब रिम व दगड यांच्यामध्ये चिमटली जाऊन तिला दोन भोके पडतात. ट्यूब वाचावी म्हणून केलेला उपाय अशा रीतीने ट्यूबच्याच जिवावर उठतो. शंका असेल तर सायकल कडुनिंबाच्या सावलीत उभी करावी. हवा सोडण्याचे कारण नाही.

दगडासारखे कडक चाकही चांगले नव्हे. ते बारीक खड्यांवरून उड्या मारते आणि वळणावर घसरू शकते. चिखलदऱ्याच्या घाटातून उतरताना तर मऊ चाकही नको आणि अति कडकही नको.

शाळेने आपल्या आवारात एक पंप ठेवावा, ही मागणी मुळीच अवाजवी नाही. सायकल ही ज्याची त्याची खासगी वस्तू, शाळेने तिची काळजी का वाहावी, असे कोणी म्हणेल. परंतु शाळा पाण्याचा माठ ठेवतेच की! दाबाचा काटा असलेला पंप मिळाला तर फारच बरे. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर तो काटा थोडा वाढीव आकडा दाखवतो. तरी अंगठ्यापेक्षा तो खरा. शनिवारी शाळा सुटल्यावर मोठ्या मुलांनी लहानांची चाके भरून दिली, तर अर्ध्या तासात सगळी रांग आटोपेल.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर, जूनअखेर विदर्भातील शाळा उघडतात, तेव्हा अशा पंपाची गरज सर्वांत अधिक भासते. दीड-दोन महिने भिंतीला टेकून असलेल्या सायकलची दोन्ही चाके बसलेली असतात, आणि दुकान कोपऱ्यावरच आहे म्हणून मुले तशाच सायकलवर स्वार होऊन निघतात. तेवढ्या कोपऱ्यापर्यंतच्या वाटेत रिम ट्यूबला कापते. मग हवेसाठी गेलेला मुलगा नव्या ट्यूबचे पैसे मागायला घरी परत येतो.