हेगच्या निकालातील ‘सरंजाम’

आंतरराष्ट्रीय व तौलनिक कायद्याची पदव्युत्तर पदवी हा परदेशी विद्यापीठांचे शुल्क परवडणाऱ्या मूठभरांचा प्रांत आहे, अशी समजूत आपल्याकडे पक्की रुजली आहे. काशीदसारख्या गावातील पदवीधराने कायद्याचा विचार केलाच तर अलिबागच्या न्यायालयातील वकिली किंवा स्पर्धा परीक्षा यांपलीकडे त्याची नजर जाऊ नये, असेच वडीलधाऱ्यांचे मत पडते. ही समजूत विद्यार्थ्यांवर अन्याय करणारी तर आहेच, पण इतिहासाच्या दृष्टीनेही ती चुकीची आहे.

काशीदच्या उत्तरेस कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला आहे, दक्षिणेस सिद्दींचा जंजिरा आहे. चौल आणि कोर्लई १७४० मध्ये मराठ्यांकडे आली. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजोद्भव बोली मात्र आजही टिकून आहे. ज्या किनाऱ्यावर इतक्या सत्तांनी एकमेकींशी तह केले, मोडले आणि पुन्हा केले, तिथे आंतरराष्ट्रीय कायदा परका कसा ठरेल? मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातील अशाच एका तहाचा अर्थ लावण्याची वेळ पुढे थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयावर आली.

१७ डिसेंबर १७७९ रोजी पुणे येथे झालेल्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमण परगण्यातील बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे देण्याचे कबूल केले. पुढे १७८३ व १७८५ च्या सनदांनी दादरा व नगरहवेलीची गावे त्यांच्याकडे गेली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी हा मुलूख मुक्त केला. भारत सरकारने पोर्तुगीजांना दमणहून तिकडे जाऊ दिले नाही. पोर्तुगालने १९५५ च्या अखेरीस हेगमध्ये दावा दाखल केला. भारतातर्फे नेमलेल्या विशेष न्यायाधीशाच्या आसनावर न्यायमूर्ती एम. सी. छागला होते.

प्रश्नाचे मूळ एका अर्थात होते. पेशव्यांनी पोर्तुगीजांना दिले ते काय, मुलखाचे सार्वभौमत्व की केवळ वसुलाचा हक्क? १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तह वैध मानला. मात्र दिलेले होते ते जहागीर किंवा सरंजाम या स्वरूपाचे महसुली दान, असा निर्वाळा दिला. मराठ्यांना सार्वभौमत्व द्यावयाचे असे तेव्हा ते त्याला साजेसे शब्द वापरीत, हे कारणही न्यायालयाने नमूद केले. इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांची तेथील सत्ता प्रत्यक्षात मान्य झाली, असेही त्याने म्हटले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्यापुरता मार्गाधिकार त्याने मानला, लष्कर व शस्त्रास्त्रांसाठी मात्र नाकारला. आणि भारताने आपल्या दायित्वाचा भंग केलेला नाही, असे अखेरीस ठरवले.

मराठी मुलखातील महसुली व्यवहाराची एक कल्पना जगाच्या न्यायासनासमोर वादाचा विषय होते आणि तिचा अर्थ लावताना जुन्या सनदांचा आधार घ्यावा लागतो, यातून घ्यावयाचा बोध हा की, परक्या कायद्याशी तुलना करायची तर आधी स्वतःचा कायदा वाचता आला पाहिजे.

हा एक जुना दावा झाला, त्यावर पोट कसे भरेल, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण तौलनिक कायदा काही हेगपुरताच नाही. मूळ गोव्यातील व्यक्तीच्या मुंबईतील मालमत्तेच्या वारसाहक्कास १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. मुंबईतल्या सदनिकेच्या वाटणीत लिस्बनचा कायदा येतो, तेव्हा तो समजणारा वकील हवा असतो. काशीदच्या होडीवाल्यालाही सागरी हद्द बारा सागरी मैलांची की दोनशेची, हा प्रश्न परका नाही: पहिली प्रादेशिक सागराची, दुसरी अनन्य आर्थिक क्षेत्राची. समुद्रविषयक १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने १९९५ मध्ये मान्यता दिली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये एक वर्षाच्या एलएल.एम. अभ्यासक्रमासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा त्यात तौलनिक सार्वजनिक कायदा हा अनिवार्य विषय ठेवला. चौकट चांगली आहे. पण तीत भरलेला मजकूर इंग्लंड-अमेरिकेचाच राहिला, तर तुलनेची एक बाजू कोरीच राहील. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद वाचू शकणारा कायद्याचा विद्यार्थी आम्हांस हवा आहे. विधी महाविद्यालयांनी मोडीवाचनाचा छोटा वर्ग सुरू करावा आणि १९६० चा निकाल मराठीतून समजावून सांगावा. याला फार पैसा लागत नाही, लागते ती इच्छा.

जमिनीचा तुकडा गहाण ठेवून परदेशी पदवीसाठी कर्ज काढणाऱ्या पालकांना एवढेच सांगणे आहे की, पदवीवरचे विद्यापीठाचे नाव पाहण्याआधी मुलाने काय वाचले हे पाहावे. परदेशी जाण्यास हरकत नाही. पण स्वतःच्या दफ्तराला न शिवता मिळवलेली तौलनिक कायद्याची पदवी म्हणजे एका पारड्याचा तराजू होय. त्याने कोणाचेही माप पुरे होत नाही.